बिनबोलावलेले पाहुणे

मृगाचे दिवस जवळ आले कीं या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. मुरांब्याचा पाक, लोणच्याचा खार, पापडांचें वाळवण हीं प्रकरणें मागें पडतात आणि परसांतल्या व माळ्यावरच्या तक्रारींना आरंभ होतो. कोणा भगिनीच्या अंगणांत दिवेलागणीस साप निघालेला असतो. कोणाच्या कणगीला उंदरांनीं भोंक पाडलेलें असतें. कोणाच्या परसांत माकडांच्या टोळीनें पपईचें एकहि फळ ठेवलेलें नसतें. कोणाच्या माळ्यावर रात्रीं कांहीं तरी धांवतें आणि घरांतलीं मुलें दचकून उठतात. पत्राचा शेवट मात्र बहुधा एकच असतो: "या जिवाला घालविण्याचा अथवा मारण्याचा खात्रीचा उपाय कृपा करून कळवावा."

यंदां या सर्व पत्रांना एकत्रच उत्तर देत आहें. मारण्याचा खात्रीचा उपाय मजपाशीं नाहीं. आणि जो उपाय आहे, तो त्या प्राण्यावर करावयाचा नसून आपल्या घरावर करावयाचा आहे. हें वाचून पुष्कळांची निराशा होईल, हें मी जाणतें. एके काळीं माझीहि सारी भिस्त काठीवरच होती. तें मत कसें पालटलें, ती हकीकत आजवर या सदरांत सांगितली नव्हती. कारण तींत चूक माझी होती. आतां सांगतें.

मी पुण्याच्या वाड्यांत वाढलेली. लग्नानंतर कोकणांत आलें. घर जुनें, कौलारू. पुढें ओटी, मध्यें माजघर, मागें पडवी, पलीकडे गोठा आणि गोठ्यामागें चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्यांत एक धामण राहत असे. सहा-साडेसहा फूट तरी लांब असावी. दिवसाढवळ्या ती गडग्यावर ऊन खात पडे, आणि भाताची झोडणी झाली कीं पेंढ्याच्या उडवीकडे जातांना दिसे. घरांत कोणाला तिचें कांहींच वाटत नसे. सासूबाई तर म्हणत, "ती आपल्या कणगीची राखणदारीण आहे. तिच्या वाटेला जाऊं नये." मला मात्र तिच्या नुसत्या दर्शनानें कापरें भरे.

1996 सालच्या वैशाखांत एके दुपारीं मी वाळवण राखीत बसलें असतां ती माझ्यापासून दोन हातांवरून सरपटत गेली. मीं किंकाळी फोडली. गडी काठी घेऊन धांवत आला व माझ्याकडे पाहूं लागला. मीं "मार" म्हटलें. सासूबाई देवघरांतून बाहेर आल्या तेव्हां सारें आटोपलें होतें. त्या मला एक शब्दहि बोलल्या नाहींत. गड्याला मात्र म्हणाल्या, "हिला पुरून टाक, आणि आतां कणगीचीं बुडें नीट लिंपून घे."

त्याच पंधरवड्यांत घर परतण्याचें काम निघालें. उतरलेलीं जुनीं कौलें माजघराच्या मागच्या भिंतीला लावून रचलीं. त्यांवर पावसाळ्याचें सरपण, त्यावर नारळाचीं सोडणें आणि सर्वांवर झांपांचें आच्छादन. मुसळधार पावसांत सरपण हाताशीं असावें, म्हणून ही व्यवस्था मींच सुचविली होती. ज्येष्ठ सरतां सरतां त्या ढिगांत उंदीर नांदूं लागले. आषाढांत ते माजघरांत आले. रात्रीं कणगीच्या बुडाशीं कुरतडल्याचा आवाज येई आणि सकाळीं भिंतीशीं ताज्या मातीचा उकीर दिसे. आम्हीं विषाच्या गोळ्या आणल्या. त्या खाऊन कांहीं उंदीर मेले, आणि ते उंदीर खाऊन घरचें मांजर मेलें. उरलेल्या उंदरांना रान मोकळें झालें.

श्रावणांत एके पहांटे माझ्या धाकट्या जावेचा नऊ वर्षांचा मुलगा पोट दुखतें म्हणून उठला. मुलें सारीं माजघरांत भुईवर सतरंज्या घालून ओळीनें निजत. आदल्या दिवशीं सणाचें जेवण झालेलें. तेव्हां अजीर्ण झालें, असें सर्वांनीं ठरविलें. आतेसासूबाईंनीं ओवा व सैंधव दिलें. त्याला ओकारी झाली, तेव्हां "बरें झालें, पोट हलकें झालें" असें म्हणून त्याला पुन्हां निजविलें. तासाभरानें मी दूध घेऊन गेलें तों तो म्हणाला, "काकू, माझे डोळे उघडत नाहींत." पापण्या मिटल्या होत्या आणि त्या त्याला उचलतां येत नव्हत्या. जीभ जड झाली होती. अंगावर कोठें जखम नाहीं, सूज नाहीं, रक्ताचा थेंब नाहीं.

जीप मिळवून जिल्ह्याच्या गांवीं पोहोंचेपर्यंत आणखी दोन तास गेले. डॉक्टरांनीं पापण्या पाहिल्या आणि पहिलाच प्रश्न केला, "मुलगा भुईवर निजला होता काय?" मग म्हणाले, "हा मण्यारीचा दंश आहे." सर्पविषावरील प्रतिविष त्यांनीं लागलीच सुरू केलें, परंतु तोंपर्यंत श्वासाचे स्नायू थकत चालले होते. मण्यारीचें विष मज्जातंतूंच्या टोंकांना एकदां भिनलें कीं प्रतिविषानेंहि तें सहसा मागें फिरत नाहीं; शरीर सांवरेपर्यंत श्वास बाहेरून चालवावा लागतो. कृत्रिम श्वासाचें यंत्र तेव्हां तेथें मोकळें नव्हतें. घशांत नळी घातली आणि तिला एक रबरी पिशवी जोडली. ती पिशवी हातानें दाबली कीं मुलाच्या छातींत हवा जावयाची. मिनिटाला पंधरा-वीस वेळां. घरचे चार पुरुष, माझी जाऊ व मी, अशीं आम्ही सहा जणें आळीपाळीनें 36 तास ती पिशवी दाबीत बसलों. "तो हलूं शकत नाहीं, पण त्याला ऐकूं येत असेल, त्याच्याशीं बोलत राहा," असें डॉक्टरांनीं सांगितलें होतें. काय बोलावें तें सुचेना, म्हणून माझी जाऊ त्याच्या कानाशीं पाढे म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं सतराच्या पाढ्याला त्याच्या पायाचा अंगठा हलला. तो मुलगा आज दोन लेंकरांचा बाप आहे.

घरीं परततांना डॉक्टरांनीं मला विचारलें, "मुलें ज्या भिंतीशीं निजतात, तिला बाहेरून काय लावलें आहे?" मीं सांगितलें. ते नुसते मान हलवून पुढच्या रुग्णाकडे वळले. आल्या पावलीं आम्हीं तो ढीग उपसला. भिंतीच्या पायाशीं उंदरांचीं तीन बिळें होतीं; त्यांतलें एक थेट माजघरांत उघडत होतें.

धामण मारली म्हणून मण्यार आली, असा सोपा हिशेब मी मांडणार नाहीं. एक धामण गांवचे सारे उंदीर खाते असें नाहीं, आणि मण्यारीचें मुख्य भक्ष्य तर दुसरे सापच असतात. परंतु तिला राहावयास उंदरांचीं बिळें लागतात, आणि तीं बिळें आम्हीं भिंतीला ढीग लावून करवून घेतलीं होतीं. राखणदारीण मारली ती आम्हीं, मांजर घालविलें तें आम्हीं, आणि वाट करून दिली तीहि आम्हींच.

हा आमच्या एकट्या घराचा अनुभव नव्हे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारे 12 लक्ष माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी 58,000, असा अंदाज 2020 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिला आहे. त्यांतील बहुतेक मृत्यु खेड्यांतले, आणि सुमारें निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांतले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनें 2017 सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. आणि हे मृत्यु 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना भारत सरकारनें 2024 सालीं जाहीर केली. सरकारचें काम सरकार करील. परंतु माजघराची मागची भिंत कोणतेंहि सरकार येऊन पाहणार नाहीं.

केवळ मारून हा प्रश्न सुटत असता तर तो कोकणांत केव्हांच सुटला असता. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज सरकारनें रत्नागिरी जिल्ह्यांत फुरशांच्या संहारासाठीं डोक्यामागें इनाम लाविलें होतें, आणि लोकांनीं ढिगांनीं फुरशीं मारून आणलीं. आजहि त्या जिल्ह्यांत गडग्याचा चिरा उचलतांना माणूस जपून हात घालतो, तो फुरशांच्याच भयानें. उंदरांचें तर विचारूंच नये. उंदरीण सुमारें तीन आठवड्यांत विते आणि एका वेतांत सात-आठ पिलें देते. अन्न आहे तसें ठेवून दहा उंदीर मारले, तर त्यांची जागा भरावयास महिना पुरतो.

उंदरांविषयीं हयगय करण्याचें मोल महाराष्ट्रानें पुरेपूर दिलें आहे. 1896 सालीं मुंबईंत व 1897 सालीं पुण्यांत प्लेगानें घरें ओस पडलीं, तेव्हां त्या रोगाचें वाहन कोणतें, यावर शास्त्रज्ञांतच वाद होता. उंदरावरील पिसवांमार्फत तो पसरतो, हें फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ यांनीं 1898 सालीं कराचींत प्रयोगानें दाखविलें. ही कथा फार जुनी म्हणून सोडूं नये. 1993 सालीं किल्लारीचा भूकंप झाला, आणि पुढच्याच वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला या गांवीं गांठीच्या प्लेगाची सांथ उद्भवली. सोडून दिलेल्या घरांतील धान्यावर उंदीर माजले, हें तिचें एक कारण तज्ज्ञांनीं सांगितलें. आणि 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईंत लेप्टोच्या तापानें जे लोक आजारी पडले, त्यांच्या अंगांत तें विष उंदीर-घुशींच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून गेलें होतें.

आतां उपाय. रानचा जीव आपल्या घरीं येतो तो अन्न, आसरा आणि वाट या तीन गोष्टी मिळतात म्हणून. या तीन बंद केल्या कीं निम्मे पाहुणे आपण होऊन जातात.

आधीं अन्न पाहावें. बांबूची कणगी दिसावयास देखणी, पण उंदराच्या दांतांपुढें ती टिकत नाहीं. धान्य घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या कोठींत, भुईपासून व भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें. गुरांची पेंड, कोंडा व मांजराच्या वाटींतलें उरलेलें दूध, हेंहि उंदराचें अन्नच आहे, हें विसरूं नये. खरकटीं भांडीं रात्रभर मोरींत पडूं देऊं नयेत. काकबळी घालणें, पक्ष्यांना दाणे टाकणें हे आपले कुळाचार आहेत, ते सोडा असें मी म्हणणार नाहीं; परंतु दिवस मावळण्यापूर्वीं ती जागा झाडून घ्यावी. निरांजनांतली तुपाची वात तर उंदीर पेटती देखील पळवितो. रात्रीं ती झांकून ठेवावी.

मग आसरा. सरपण भुईवर रचूं नये. खालून आरपार दिसेल असा हातभर उंचीचा मांडव करावा, आणि तोहि घरापासून पंधरावीस पावलें दूर असावा. पावसांत चार पावलें अधिक चालावें लागलें तरी चालेल. कौलें, चिरे, सोडणें, मोडकें सामान यांना हाच नियम लावावा. भिंतीलगत गवत वाढूं देऊं नये. छपराला टेंकलेल्या फांद्या छाटाव्या; उंदीर आणि उदमांजर माळ्यावर येतात ते याच पुलावरून.

शेवटीं वाट. बोटभर रुंदीच्या फटींतून लहान उंदीर सहज शिरतो, आणि ज्या वाटेनें उंदीर शिरतो त्याच वाटेनें सापहि. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, दाराच्या तळाला पत्र्याची पट्टी, आणि भिंतीच्या भोंकांना खडी-सिमेंट, एवढें एका रविवारीं होण्यासारखें काम आहे. एकत्र कुटुंबांत हातांना तोटा नसतो; तोटा असतो तो, हें काम आपलें असें समजणाऱ्याचा.

विषाविषयीं माझा अनुभव वर आलाच आहे. विष खाल्लेला उंदीर मांजर, घुबड, धामण यांपैकीं जो कोणी खाईल त्याला तें बाधण्याचें भय असतें, आणि हे तिघेहि आपल्याच बाजूचे शिपाई आहेत. उंदरांसाठीं मिळणारा पिवळ्या फॉस्फरसाचा लेप तर घरांत आणूंच नये. तो पोटांत गेल्यास यकृत निकामी होतें आणि त्यावर उतारा नाहीं. सांपळा व त्यांत एक भजें, हा आजीबाईंचा उपाय अद्याप सर्वांत निर्धोक आहे.

सापासाठीं दारांत फिनाईल शिंपडणें, लसूण ठेचून ठेवणें, चुन्याची रेघ ओढणें हे उपाय पत्रांतून पुष्कळ येतात. त्यांनीं साप अडतो असा भरंवसा धरूं नये. आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस व फुरसें. मण्यार काळसर निळी असून तिच्या अंगावर पांढऱ्या बारीक आडव्या रेषा असतात. त्या शेंपटीकडे ठळक व डोक्याकडे पुसट होत जातात. निरुपद्रवी कवड्या सापाच्या रेषा याच्या उलट, मानेकडे ठळक असतात. परंतु ही ओळख दुरून पाहण्यापुरती ठेवावी. रेषा मोजावयास कोणी जवळ जाऊं नये.

अंगणांत साप दिसला तर मुलांना व कुत्र्याला आंत घ्यावें आणि त्याला जाऊं द्यावें. घरांत शिरला तर एका माणसानें दुरून त्यावर नजर ठेवावी आणि दुसऱ्यानें वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर अथवा जाणत्या सर्पमित्रास कळवावें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांना संरक्षण आहे, हेंहि काठी उचलण्यापूर्वीं आठवावें. पावसाळ्यांत मुलांना भुईवर निजवूं नये. तसें निजविणें भागच असेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखालीं चोहोंकडून खोंचाव्या. मण्यारीपासून रक्षण करणारा इतका स्वस्त उपाय दुसरा नाहीं. रात्रीं परसांत जातांना पायांत वहाण व हातांत दिवा असावा.

आणि दंश झालाच तर? जखम कापूं नये, चोखूं नये, वर करकचून दोरी बांधूं नये. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून टाकावे. दंशाचा हात वा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. रुग्णाला चालूं न देतां 108 ची रुग्णवाहिका अथवा मिळेल तें वाहन करून थेट सरकारी रुग्णालय गांठावें. साप पकडून नेण्याची आवश्यकता नाहीं. प्रतिविष या चारहि जातींवर मिळून एकच असतें. मण्यारीचा दंश पुष्कळदां दुखत नाहीं, दिसत नाहीं. भुईवर निजलेल्या माणसाला पहांटे पोटदुखी, ओकारी आणि पापण्यांना जडपणा, हीं तीन एकत्र दिसलीं कीं ओव्याचा डबा उघडूं नये, गाडी काढावी. आमचे तीन तास ओव्यांत व निजविण्या-उठविण्यांत गेले होते. ते नशिबानें भरून निघाले.

माकडांविषयीं थोडक्यांत सांगतें. शनिवारीं मारुतीचें म्हणून केळें द्यावयाचें आणि रविवारीं तेंच माकड पपईवर आलें म्हणून दगड मारावयाचा, हा व्यवहार त्याला कळत नाहीं. हातून अन्न घेण्याची संवय लागलेलें माकड पुढें हिसकावूं लागतें. गांवांतल्या सर्व घरांनीं मिळून देणें बंद केलें तरच गुण येतो. एका घरानें केल्यास उपयोग नाहीं. फळें पाडाला आलीं कीं उतरवून आढींत घालावीं आणि खिडक्यांना जाळ्या बसवाव्या. माळ्यावर धांवणारें बहुधा उदमांजर असतें. तें रात्रीं चरावयास बाहेर पडतें. माळ्यावर पिलें नाहींत याची खात्री करून, तें बाहेर गेलेलें असतांना वाट बंद करावी. शहरांतल्या भगिनींचीं कबुतरेंहि याच पंक्तींतलीं. मुंबईंतील कबूतरखान्यांवरून 2025 सालीं केवढा वाद माजला, तो सर्वांनीं वाचलाच असेल. कबुतरांच्या विष्ठेची व पिसांची धूळ कांहीं माणसांच्या फुप्फुसांना कायमची इजा करते, हें मात्र त्या वादांत मागें पडूं नये.

सासूबाई आतां नाहींत. गडगा तसाच आहे, आणि पांचसहा वर्षांपूर्वीं त्यांत पुन्हां एक धामण राहावयास आली. आमची नवी सूनबाई मुंबईची. पहिल्याच उन्हाळ्यांत ती धांवत स्वयंपाकघरांत आली व म्हणाली, "आई, केवढा मोठा साप! कोणाला तरी बोलवा." मीं तिला हाताला धरून ओटीवर नेलें, आणि दोघी दुरून पाहत उभ्या राहिलों. धामण सावकाश उडवीखालीं गेली. मग मीं तिला ती रबरी पिशवी आणि ते पाढे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. नंतर उठली, मागच्या पडवींत गेली, आणि भिंतीला टेंकून ठेवलेल्या चार फळ्या तिनें स्वतः उचलून मांडवावर नेऊन टाकल्या.

ज्या भगिनींनीं खात्रीचा उपाय विचारला होता, त्यांनीं हें पान मिटल्यावर एकदां आपल्या घराच्या मागच्या बाजूस जाऊन यावें. पुढील अंकीं पावसाळ्यांत धान्याला कीड लागूं नये म्हणून काय करावें, याविषयीं आलेल्या पत्रांचा परामर्श घेऊं.